चार खोल्यांची घरपट्टी

घरपट्टीचा कागद हातात पडला आणि रोहिदास मास्तरांचं डोकं फिरलं. तसं ते अधूनमधून फिरायचंच. उभा जन्म खेड्यापाड्यांच्या शाळांतून पोरांना पाढे घोकायला लावलेला माणूस, त्याचं डोकं जागेवर राहावं ही अपेक्षाच चुकीची. पण एरवी चहाचा कप पुढं आला की ते थांबायचं. या वेळी थांबेना. कारण पट्टी नुसती वाढली नव्हती, दुप्पट होऊन वर आणखी थोडी चढली होती. आणि का, ते काही केल्या कळत नव्हतं.

"अगं ए, हे बघ काय लिहून पाठवलंय या लोकांनी!"

कमूबाई चुलीपाशी नागलीची भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मला काय दाखवता? मला चष्म्याबिगर तुमचं तोंडबी धड दिसत नाय."

"दुप्पट! दुप्पट केलीय पट्टी! दोन खोल्यांच्या खुराड्याला!"

"हळू बोला," कमूबाई म्हणाल्या. "खुराडं खुराडं काय करता? कोणी ऐकलं म्हंजे?"

आता कोणी ऐकलं म्हणजे काय, तर मोखाड्याच्या माणसांनी. सगळं घर त्या दिवसांत मोखाड्याकडं कान लावून बसलं होतं. मास्तरांचा गोकुळ तिशी उलटून गेलेला, जव्हारातच औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळायचा. निर्व्यसनी, शांत, दिसायला बरा. पण तीन ठिकाणी जुळता जुळता मोडलं होतं, आणि तिन्ही ठिकाणी एकच निरोप: मुलगा चांगला आहे हो, पण घर लहान. राहणार कुठं पोरगी? चौथं स्थळ मोखाड्याचं आलं. हर्षाली नावाची मुलगी, वांगणीच्या शाळेत शिक्षिका, रोज जीपमध्ये कोंबून घेऊन जायची-यायची, पण हसतमुख. तिचे वडील रघुनाथराव कचेरीत कारकून होते. मोजकं बोलणारा, तोलून पाहणारा माणूस. दिवाळीत मास्तर, कमूबाई आणि गोकुळ मुलगी पाहून आले होते. पसंती झाली होती. रघुनाथरावांचा शेवटचा होकार तेवढा यायचा होता, आणि तो का येत नाही हे कळत नव्हतं. हेही मोडलं तर गोकुळ पुन्हा दुसऱ्या कोणाच्या दारात कांदेपोहे खायला जाणार नव्हता, हे त्यानं आईला स्पष्ट सांगून टाकलं होतं.

म्हणजे एकीकडं होकार अडकलेला आणि दुसरीकडं पट्टी सुटलेली. माणसानं करावं काय?

मास्तरांनी केलं ते असं, की ते गावभर फिरले. पट्टी का वाढली याचं उत्तर त्यांना कुठं सापडलं, तर चौकात. गेल्या वर्षी पालिकेनं तिथं कारंजं बसवलं होतं. गोल हौद, मध्ये कमळ, कमळातून पाणी. गावात शिरायच्या रस्त्यावर कमान उभी राहिली होती. उंच खांबावर दिव्यांचं झुंबर लटकलं होतं, त्याच्या उजेडात रात्री कावळेसुद्धा दिवस समजून ओरडायचे. शिरपामाळ बघायला येणारे पाहुणे गाडी थांबवून कमानीखाली फोटो काढायचे, ते खरं. पण पाहुण्यांनी फोटो काढावेत आणि मास्तरांनी पट्टी भरावी, हा कुठला न्याय? उन्हाळा लागला की मास्तरांचा नळ दिवसाआड यायचा आणि आला तरी नुसता शिंकायचा.

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," असं मास्तर जो भेटेल त्याला सांगू लागले. लोक माना डोलवायचे. पट्टी सगळ्यांचीच वाढली होती. पण मग बोलता बोलता एक विचित्रच गोष्ट बाहेर यायची: यांची थोडी वाढली, त्यांची थोडी वाढली, दुप्पट मात्र कोणाचीच नाही. फक्त मास्तरांची.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे शरीफभाईंची पट्टी कमी झाली होती. हो, कमी!

शरीफभाई म्हणजे मास्तरांचे भिंतीला भिंत लावून शेजारी. गाद्या-रजया भरायचा त्यांचा धंदा. एका शेठचं लांबलचक घर होतं, एका ओळीत चार खोल्या. शेठ गाव सोडून गेला तेव्हा दोन खोल्या मास्तरांनी घेतल्या आणि दोन शरीफभाईंनी. शरीफभाई स्वतः मागच्या गल्लीत राहायचे. या दोन खोल्यांत त्यांचा कापूस असायचा, आणि त्यांची पट्टी राहत्या घराबरोबर एकाच बिलात यायची. मधल्या भिंतीतलं दार कोणी बुजवलं नव्हतं. नुसती कडी घातलेली. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीच्या करंज्या त्याच दारातून ये-जा करायच्या.

"शरीफभाई, तुमची पट्टी कमी कशी झाली?" मास्तरांनी विचारलं.

शरीफभाईंच्या दाढीत कापूस अडकला होता. तो काढत ते म्हणाले, "खुदा की कसम मास्तर, मलाच समजत नाय. मी तर बिल बघून घाबरलो. वाटलं, चुकून दुसऱ्याचं आलं."

"कोणाला भेटला होता का पालिकेत?"

"म्हंजे?"

"म्हणजे असंच. कोणाला गादी-बिदी दिली का?"

शरीफभाईंचा चेहरा पडला. इतक्या वर्षांच्या शेजाऱ्यानं असं विचारावं? ते पुन्हा कापूस पिंजायला बसले. मास्तरांनाही लगेच वाईट वाटलं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आता परत घेता येते थोडीच? तेव्हापासून दोघं एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करू लागले. त्यामुळं मास्तरांच्या डोक्यातला गुंता आणखीच वाढला. कारण शरीफभाई लबाड नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी पट्टी कमी झाली होती हेही खरं होतं.

शेवटी ते पालिकेत गेले. मास्तरांनी लेखी हरकत देऊन ठेवली होती, आणि हरकती ऐकायला वरून साहेब येणार होते, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. कर विभागातला कारकून मास्तरांचाच जुना विद्यार्थी होता. त्यानं उठून खुर्ची दिली. मास्तरांनी खुर्ची घेतली नाही. रागावलेला माणूस बसला की निम्मा राग खाली बसतो, हे त्यांना माहीत होतं.

"मला एवढंच सांग, माझ्या नळाला पाणी नाही आणि चौकात कारंजं कसं?"

"सर, कारंज्याचा निधी वेगळा. तो सुशोभीकरणाचा. वरून येतो. तो पाण्याला वापरता येत नाय."

"अरे पण कारंज्यात पाणीच असतं ना?"

"असतं, सर. पण ते शोभेचं."

मास्तरांनी डोळे मिटले. हे वाक्य त्यांनी मनात तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा ते बरोबरच वाटलं आणि तरी काही समजलं नाही. घरात मिठाच्या बरणीतले पैसे मिठालाच वापरायचे असं कमूनं ठरवलं असतं तर पोरगा उपाशी मेला असता. पण हे बोलून दाखवायच्या आत कारकून म्हणाला, "आणि सर, तुमची पट्टी काय कारंज्यानं नाय वाढली. तुमचं घर वाढलं ना."

"घर वाढलं?"

"चार खोल्या."

"दोन!"

"चार, सर. आषाढात ठेकेदाराची माणसं आली होती मोजणीला, बाहेरगावची. टेप लावून मोजल्या. घरच्या बाईंनी स्वतः दारं उघडून दाखवली म्हणाले. चहा-पोहे पण दिले म्हणाले, त्यामुळं त्यांच्या चांगलं लक्षात राहिलं."

"माझ्या घरच्या बाईंनी?"

"आता दुसऱ्या कोणाच्या असणार, सर?"

मास्तर बाहेर आले ते कमानीकडं न बघता, झुंबराकडं न बघता सरळ घरी. वाटेत त्यांनी निष्कर्ष काढून टाकला: मोजणीवाले मोजायला आलेच नव्हते, कुठंतरी बसून त्यांनी आकडे ठोकून दिले. शंभर टक्के! कारण कमू अशी दोनाच्या चार खोल्या दाखवेल कशाला? ती काय वेडी आहे?

घरी आल्या आल्या त्यांनी गर्जना केली. "ऐकलंस का? म्हणे आषाढात मोजणीवाले आले, आणि म्हणे तू त्यांना चार खोल्या दाखवल्या! पोहे करून घातले म्हणे! उद्या त्या साहेबापुढं एकेकाचे वाभाडे काढतो की नाही बघ!"

कमूबाई तांदूळ निवडत होत्या. "छ्या! मोजणीवाला कोण आलाच नाय आषाढात," त्या ठामपणे म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा साखरशेतला भाताच्या आवणीला गेला होता. मी घरात एकटी. कोणी म्हंजे कोणी आलं नाय. ती मोखाड्याची दोन माणसं आली तेवढीच."

"मोखाड्याची कोण माणसं?"

कमूबाईंचे हात सुपात थांबले.

"अगं, मोखाड्याची कोण माणसं?"

"ती... घर बघायला आलेली."

आणि मग सगळं बाहेर आलं. आपल्याकडं रीत आहे. मुलीकडचे उघड घर बघायला येतात ते नंतर. आधी दोन अनोळखी माणसं गुपचूप पाठवतात. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, शेजारी काय म्हणतात, सगळं हेरून ती जातात. मध्यस्थानं आषाढात सांगून ठेवलंच होतं, की वहिनी, मोखाड्याची माणसं केव्हाही येतील, तयारीत राहा. आणि त्याच आठवड्यात दोन माणसं रेनकोट घालून दारात उभी. नाव विचारलं तर हसली. "घर बघायचंय," म्हणाली. घरात कोण कोण असतं, खोल्या किती, नळ आत की बाहेर, फरशी कधी घातली, सगळं विचारलं. मोजणीवाला दुसरं काय विचारणार, आणि सोयरीक जोडणारा तरी दुसरं काय विचारणार? तुम्हीच सांगा.

"तीन स्थळं मोडली हो घर लहान म्हणून," कमूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला. "मी काय करणार होते? शरीफभाईंच्या मदिनाभाभीला हाक मारली. ती बिचारी मागच्या दारानं पळत आली, शरीफभाई नाशकाला गेलेले. आम्ही दोघींनी कापसाची पोती भिंतीला लावली, वरती चांगली चादर घातली. दिवाण वाटत होता अगदी. मग मधलं दार उघडलं आन म्हटलं, या, ह्या पण आपल्याच."

"आणि त्यांनी टेप काढला तेव्हा?"

"मला वाटलं, कपाट द्यायचं असंल पोरीला. मावतंय का ते बघत असतील."

मास्तर मटकन खाली बसले. गावभर ज्याला शोधत फिरले ते घरातच, तांदूळ निवडत बसलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. त्यांना हसावं की ओरडावं ते कळेना. शरीफभाईंची पट्टी कमी का झाली तेही आता उघड होतं: त्यांच्या दोन खोल्या मास्तरांच्या अंगावर येऊन बसल्या होत्या, आणि मास्तर त्यांनाच गादीचं विचारून बसले होते!

"म्हणजे ती माणसं मोखाड्याची नव्हतीच," मास्तर हळूहळू म्हणाले. "म्हणजे रघुनाथरावांना यातलं काहीच माहीत नाही. मग बरं झालं की! उद्या सरळ सांगतो, दोन खोल्या. बिल कमी होईल, विषय संपला."

कमूबाई काहीच बोलेनात. मास्तरांनी त्यांच्याकडं बघितलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाल्यावर गप्प बसण्याचे प्रकार माणसाला ओळखू येतात.

"आता काय?"

"मी दिवाळीत सांगितलं ना," कमूबाई सुपाकडं बघत म्हणाल्या. "त्यांच्या स्वयंपाकघरात. हर्षालीच्या आईला. म्हटलं, तुमची माणसं बघून गेलीच आहेत, चार खोल्या आहेत, पोरीला कसली अडचण नाय. ती नुसती बघत राहिली माझ्याकडं. मला वाटलं, खूश झाली."

झालं! खोटं पोचलं होतं, आणि तेही नेमकं जिथं पोचायला नको तिथं. आता उद्या पालिकेच्या सभागृहात मास्तर उठून 'दोनच खोल्या' म्हणाले, की संध्याकाळच्या जीपनं ती बातमी मोखाड्यात. गावात खोकलं तर मोखाड्यात 'काय झालं' विचारतात. आणि नाही म्हणाले तर शेजाऱ्याच्या कापसाची पट्टी मास्तरांच्या माथी.

"पट्टी भरू आपण," कमूबाई म्हणाल्या. "काय ती भरू. पोराचं होऊ द्या."

"मुळीच नाही!" मास्तर उठले. "जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. उद्या खरं तेच सांगणार. मोडलं तर मोडलं."

तसं म्हणाले खरे. पण गोकुळ दुकानातून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला, 'मोखाड्याहून काही कळलं का?' असं त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि मास्तरांनी भरलेलं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. वरून आलेले साहेब तरुण होते, सभ्य होते, आणि प्रत्येकाला 'तुमचं म्हणणं थोडक्यात सांगा' म्हणत होते. थोडक्यात कोण सांगतोय? एकानं गटार काढलं, एकानं भावकीचं भांडण काढलं. शरीफभाई मागच्या बाजूला उभे होते. मास्तरांनी आल्या आल्या त्यांचे हात धरले होते आणि म्हटलं होतं, "शरीफभाई, मी गाढव आहे." शरीफभाईंना काही उलगडा झाला नव्हता, पण ते "जाऊ द्या मास्तर" म्हणाले होते.

मास्तरांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, शर्ट खाली ओढला आणि बोलायला लागले. आणि काय बोलले! वर्गात बोलायचे तसे, शेवटच्या बाकावरच्याला ऐकू जाईल असे.

"साहेब, आम्ही पट्टी द्यायला नाही म्हणत नाही. गावाला दिवे हवेत, रस्ते हवेत. पण गावात काय करायचं ते गावाला विचारा की एकदा! पाहुण्यांसाठी कमान बांधली, छान बांधली. पण कमानीतून आत आलेल्या पाहुण्यानं माझ्याकडं तांब्याभर पाणी मागितलं तर मी त्याला चौकातल्या कारंज्याकडं पाठवू का? मला सांगतात, ते पाणी शोभेचं. साहेब, मी पंतोजी माणूस, मला कळत नाही म्हणून विचारतो: तहान लागलेल्या गावाला शोभा कशी यायची?"

टाळ्या! बाया तर उठून उभ्या राहिल्या. "खरं बोलला मास्तर!" कोणीतरी ओरडलं. साहेबसुद्धा कागदावर काहीतरी लिहून घेऊ लागले. मास्तरांच्या अंगावर काटा आला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा डोकं स्वच्छ झाल्यासारखं वाटलं.

आणि नेमकं तेव्हाच त्यांचं लक्ष तिसऱ्या रांगेकडं गेलं. तिथं रघुनाथराव बसले होते.

ते कधी आले होते देव जाणे. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात, आणि नजर सरळ मास्तरांवर. मास्तरांना कळेना, हा माणूस मोखाड्याहून इथं पालिकेच्या हरकती ऐकायला कशाला आला? 

"तुमचे सार्वजनिक मुद्दे मी नोंदवले," साहेब म्हणाले. "पाण्याचा विषय वर मांडतो. आता तुमच्या स्वतःच्या घराचं. चार खोल्यांची आकारणी आहे. काही हरकत?"

 मागं शरीफभाईंनी मान उंच केली. मास्तरांनी खरं बोलायला तोंड उघडलं. दोन, एवढाच शब्द बोलायचा होता. पहिलीतलं पोरसुद्धा बोलेल. पण डोळ्यांपुढं गोकुळ आला, घास हातात धरून 'काही कळलं का' विचारणारा. आणि रघुनाथराव तर पापणीही न लवता बघत होते.

"नाही," मास्तर म्हणाले. "हरकत नाही."

"म्हणजे चार खोल्या बरोबर आहेत?"

"आहेत."

"मग हरकत कशाला घेतली होती?" साहेब गोंधळले. सभागृहही गोंधळलं. शरीफभाई तर उघड्या तोंडानं बघत राहिले, कारण चारातल्या दोन खोल्यांची किल्ली त्यांच्या खिशात होती. मास्तरांनी दाखवलेल्या जागी सही केली आणि कोणाकडं न बघता बाहेर पडले.

बाहेर माणसांनी घोळका केला. मास्तर, मस्त बोललात. मास्तर, असंच पाहिजे. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी चहा आणायला धावला. मास्तर त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून रघुनाथरावांना शोधत होते. ते सावकाश पायऱ्या उतरून आले.

"नमस्कार," मास्तर म्हणाले. "तुम्ही इकडं कसे?"

"तुमच्या घरी निघालो होतो. चौकात कळलं, तुम्ही सभागृहात आहात. मग सरळ इकडं आलो." रघुनाथरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मास्तर, मी होकार द्यायला निघालो होतो. फक्त एक गोष्ट मला सुटत नव्हती, ती विचारावी म्हटलं. दिवाळीत तुमच्या घरातून आमच्या हिला सांगितलं, चार खोल्या आहेत. आणि तुमचा गोकुळ, त्यानं त्याच दिवशी अंगणात हर्षालीला सांगितलं होतं, की आमच्या दोनच खोल्या आहेत, मागाहून फसवलं म्हणू नका."

कोणीतरी पुढं केलेला चहाचा पेला मास्तरांनी बाजूला सारला.

"हर्षाली म्हणाली, बाबा, दोन असू दे, मुलगा खरं बोलतो. ते मला पटलं होतं. म्हटलं, बायामाणसं पोरासाठी वाढवून बोलतात, सोडून द्यावं. पण आत्ता तुम्ही बोललात. आधी गावाचं बोललात, ते ऐकून मला वाटलं, याच घरात पोरगी द्यायची. आणि लगेच साहेबापुढं सही करून म्हणालात, चार." रघुनाथराव थांबले. "आता माझाच गोंधळ झालाय. शिक्षक माणूस सरकारपुढं खोटं बोलणार नाही, आणि खोट्यासाठी दुप्पट पट्टी तर कोणीच भरणार नाही. म्हणजे खोटं बोलला तो तुमचा मुलगा. आमच्या पोरीची माया मिळवायला गरिबी सांगितली त्यानं? अशा पोराला मी मुलगी कशी देऊ?"

अरे देवा! ज्याच्यासाठी खोटं बोलले त्याच्याच गळ्याला फास.  आजूबाजूला अजून माणसं होती, हातात चहाचे पेले, आणि सगळी आता गप्प होऊन ऐकत होती. त्यांत जुने विद्यार्थी होते, त्यांचे बाप होते. मास्तरांना वाटलं, बाजूला घेऊन हळूच सांगावं. पण रघुनाथराव वळायला लागले होते.

"गोकुळ खरा आहे," मास्तर म्हणाले. आवाज नको तितका मोठा आला. "दोनच खोल्या आहेत. खोटा मी. आत खोटं बोललो मी."

"साहेबापुढं?"

"साहेबापुढं. सगळ्यांपुढं. दोन खोल्या शरीफभाईंच्या आहेत. त्यांत कापूस आहे. विचारा त्यांना."

शरीफभाई पुढं आले. त्यांनी खिशातून किल्ली काढून नुसती वर धरली.

"पण का?" रघुनाथरावांनी विचारलं.

"तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला होता म्हणून," मास्तर म्हणाले, आणि त्यांना रडूच आलं. एवढा मोठा माणूस, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागला.

रघुनाथरावांनी ती किल्ली हातात घेऊन पाहिली, शरीफभाईंना परत दिली. मग म्हणाले, "आत जाऊन साहेबांना सांगा की मग."

"सही झाली. आता पुढची आकारणी चार वर्षांनी."

"म्हणजे चार वर्षं तुम्ही यांच्या कापसाची पट्टी भरणार?"

"भरणार."

"ती तुम्हीच भरायची. पोरीच्या पगाराला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"बेस," रघुनाथराव म्हणाले. "चला, घर दाखवा. असेल तेवढंच दाखवा."

ते चालू लागले. मास्तर त्यांच्यामागं निघाले, तेवढ्यात घोळक्यातून, मघाशी पाठीवर थाप मारणाऱ्यानंच, हाक मारली. "मास्तर, ते पाण्याचं बोललात आत... ते तरी खरं होतं ना?"

मास्तर थांबले. सगळे त्यांच्याकडं बघत होते. कोणी हसत नव्हतं, कोणी रागावलंही नव्हतं, नुसतं विचारत होते. खरं होतं, अगदी शब्दन् शब्द खरं होतं, पण ते आता कसं सांगायचं हे त्यांना सुचेना. रघुनाथराव बरेच पुढं गेले होते. त्यांना गल्ली कुठं वळते ते माहीत नव्हतं, म्हणून मास्तर घाईघाईनं त्यांच्या मागं गेले.